नजर शेजारच्या भावावर

मुंबईत चिंचपोकळी स्थानकाच्या पूर्वेला, लालबागच्या मसाल्याच्या बाजारात होळी उलटल्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत मिरचीचा जो व्यवहार चालतो, त्यात प्रत्येक दुकानदार आपला भाव तीन गोष्टी पाहून ठरवतो : शेजारच्या दुकानात त्याच मिरचीला काय भाव चालू आहे, आपल्या पोत्यातील माल कोणत्या प्रतीचा आहे आणि तो आपल्याला काय भावाने पडला आहे. ब्याडगीचा रंग उतरलेला असेल, संकेश्वरीत देठ आणि फुटकी मिरची जास्त असेल किंवा माल यंदाचा नसून शीतगृहातला असेल, तर गिऱ्हाईक मूठभर मिरच्या हातात घेऊन, एखादी मोडून आणि हुंगून ते ओळखते, आणि मग दुकानदारालाही शेजाऱ्याच्या भावाचा आग्रह सोडावा लागतो. या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या डोळ्यांसमोर एकाच वेळी असतात, हे या बाजाराचे खरे बळ आहे. ऑनलाइन बाजारपेठेत भाव ठरवण्याचे हेच काम आता मोठ्या प्रमाणावर संगणकीय प्रणालींकडे गेले असून, तेथे पहिली गोष्ट अतिशय अचूक दिसते, तिसरी विक्रेत्याने सांगितली तरच कळते, आणि दुसरी, म्हणजे मालाची प्रत, प्रणालीला स्वतःहून कधीच दिसत नाही.

या प्रणालींना व्यापारी भाषेत ‘रिप्रायसर’ म्हणतात. मराठीत त्यांना स्वयंचलित किंमतबदल प्रणाली म्हणता येईल. विमानाच्या तिकिटाचा दर मागणी वाढली की चढतो, त्या प्रकारापासून ही गोष्ट वेगळी आहे, कारण येथे मागणीपेक्षा प्रतिस्पर्ध्याच्या किमतीकडे लक्ष ठेवलेले असते. फ्लिपकार्टने 2007 मध्ये आपला धंदा पुस्तकांपासून सुरू केला आणि अ‍ॅमेझॉनने जून 2013 मध्ये भारतातील आपली बाजारपेठ उघडली तीही पुस्तके आणि चित्रपटांच्या तबकड्यांपासूनच. अशा बाजारपेठेची रचना अशी असते की एका वस्तूचे एकच पान असते आणि ती वस्तू विकणारे अनेक विक्रेते त्या पानावर आपापला देकार, म्हणजे किंमत, पाठवणीचा खर्च आणि मालाची स्थिती, नोंदवतात. त्यांपैकी एक देकार पानावर ठळकपणे दाखवला जातो आणि खरेदीचे बटण दाबणारा ग्राहक बहुधा त्याच विक्रेत्याकडून माल घेतो. बाकीचे देकार पाहायचे तर आणखी एक पायरी चढावी लागते, आणि ती चढणारे थोडे असतात. त्या ठळक जागेसाठी किंमत, विक्रेत्याची पत, माल पोहोचवण्याची तत्परता असे अनेक घटक विचारात घेतले जातात; त्यांतला विक्रेत्याला मिनिटभरात बदलता येण्याजोगा घटक किंमत हाच असल्यामुळे सगळी धडपड किमतीभोवती गोळा होते.

प्रणालीचे काम वरवर पाहता सोपे आहे. एखाद्या वस्तूवरील देकारांत बदल झाला की बाजारपेठ तशी सूचना पाठवते. अ‍ॅमेझॉनच्या व्यवस्थेत वरच्या 20 देकारांतील बदलांची अशी सूचना विक्रेत्याच्या प्रणालीला मिळू शकते. प्रणाली ती वाचते, प्रत्येक प्रतिस्पर्ध्याची वस्तूची किंमत आणि पाठवणीचा खर्च यांची बेरीज करते, आणि विक्रेत्याने आधी लिहून ठेवलेल्या नियमाप्रमाणे नवी किंमत काढून ती पानावर चढवते. नियम साधा असू शकतो, जसे ‘सर्वांत कमी किमतीपेक्षा एक रुपया खाली’. तो बारीक अटींचाही असू शकतो, जसे ‘ज्यांची पत अमुक टक्क्यांपेक्षा कमी आहे त्यांच्याकडे दुर्लक्ष करा’ किंवा ‘प्रतिस्पर्ध्याकडे माल शिल्लक नसेल तर किंमत वर न्या’. प्रत्येक नियमाला दोन कुंपणे असावी लागतात : एक तळाची किंमत, जिच्याखाली विकले तर विक्रेत्याला तोटा होईल, आणि एक वरची, जिच्यापुढे किंमत हास्यास्पद ठरेल. हे तळ आणि छत घालण्याचा कंटाळा केला की काय होते, ते पुढे येईल.

दोन विक्रेत्यांचे नियम एकमेकांना भिडले म्हणजे काय घडते, हे आकड्यांत पाहिले तर लवकर कळते. एका जुन्या कादंबरीची पहिल्या विक्रेत्याची किंमत 300 रुपये आणि तळ 180 रुपये आहे, दुसऱ्याचा तळ 150 रुपये आहे, आणि दोघांचाही नियम ‘समोरच्यापेक्षा एक रुपया खाली’ असा आहे, असे समजू. दुसरा 299 वर येतो, पहिला 298 वर, दुसरा 297 वर, आणि ही उतरंड कोणाही माणसाने लक्ष न घालता चालू राहून पहिला 180 वर आणि दुसरा 179 वर येतो. येथे पहिल्याला खाली जाता येत नाही, म्हणून तो थांबतो. आणि तो थांबल्यामुळे दुसराही 179 वरच थांबतो. म्हणजे जिंकणाऱ्याची किंमत त्याच्या स्वतःच्या खर्चावरून ठरत नाही. हरणाऱ्याचा तळ जेथे आहे त्याच्या एक रुपया खाली ती ठरते. आता पहिल्याने अशी सोय करून ठेवली असेल की तळ गाठल्यावर किंमत पुन्हा 300 वर न्यावी, तर दुसरा आपोआप 299 वर चढतो आणि उतरंड नव्याने सुरू होते. किमतींचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. फ्रान्सिस एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दोनच विक्रेते असलेल्या बाजाराचा विचार करताना किमती अशा चक्रात फिरतील असे मांडले होते, आणि त्यामुळे या चक्रांना आजही त्याचेच नाव आहे.

बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अ‍ॅमेझॉनवरील सोळाशेहून अधिक लोकप्रिय वस्तूंच्या किमती तपासल्या, तेव्हा पाचशेहून अधिक विक्रेते अशा प्रणाली वापरत असल्याच्या खुणा त्यांना सापडल्या. या विक्रेत्यांची किंमत नेहमीच सर्वांत कमी होती असे नाही, तरीही ठळक जागा त्यांना अधिक वेळा मिळत होती. एकट्या दुकानदाराने दिवसातून दोनदा भाव पाहायचा आणि प्रणालीने तो अखंड पाहायचा, या दोहोंत बरोबरी शक्य नाही. आणि म्हणून छोट्या विक्रेत्यालाही ही साधने घ्यावी लागतात, यात त्याचा दोष नाही.

खरा गुंता सुरू होतो तो वापरलेल्या मालापाशी. नव्या, बंद पेटीतील वस्तू एकमेकींसारख्या असतात, म्हणून त्यांच्या किमतींची तुलना आकड्याला आकडा लावून करता येते. जुन्या मालाचा प्रत्येक नग मात्र वेगळा असतो. बाजारपेठांनी यावर उपाय म्हणून स्थितीच्या पायऱ्या ठरवल्या आहेत. अ‍ॅमेझॉनवर वापरलेल्या पुस्तकासाठी ‘नव्यासारखे’, ‘फार चांगले’, ‘चांगले’ आणि ‘चालण्याजोगे’ अशा अर्थाच्या चार पायऱ्या असतात, आणि विक्रेता स्वतःच आपल्या मालाला त्यांपैकी एकीवर बसवतो. बाजारपेठेचा माणूस ते पुस्तक बहुधा पाहतही नाही.

चिंचपोकळी, लालबाग, परळ या पट्ट्यातील चाळींत पोटमाळ्यावर वर्षानुवर्षे ठेवलेल्या पुस्तकाचे उदाहरण घेतले, तर या पायऱ्यांचा तोकडेपणा लक्षात येतो. मुंबईची हवा दमट असल्यामुळे कडा आधी पिवळ्या आणि मग तपकिरी पडतात, मधल्या पानांवर बुरशीचे ठिपके येतात, कसर कागद खाऊन बारीक नक्षी काढते, पिना गंजून त्यांचे डाग दोन्ही बाजूंच्या पानांवर उमटतात, आणि पाठीचा डिंक सुकला की मधला एखादा फर्मा बांधणीतून निसटतो. त्यातच पहिल्या पानावर कोणाचे तरी नाव आणि तारीख असते, किंवा एखाद्या वाचनालयाचा गोल शिक्का असतो. वाचायला घेणाऱ्याला शिक्क्याचे काही वाटणार नाही, पण निसटलेला फर्मा चालणार नाही. संग्राहकाला शिक्का खटकेल, आणि लेखकाची स्वाक्षरी असेल तर तो पिवळ्या कडांकडे काणाडोळाही करील. एवढी सगळी माहिती ‘चांगले’ या एका शब्दात बसवायची आणि मग त्या शब्दावर प्रणालीने गणित करायचे, अशी ही व्यवस्था आहे.

त्यात विक्रेत्याचा कल प्रत एक पायरी वर चढवून सांगण्याकडे असतो. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन दाखवले की मालाचा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असला, तर घेणारा प्रत्येक वस्तूला सरासरीइतकीच किंमत देऊ करतो, त्या किमतीत चांगला माल असणाऱ्याला विकणे परवडत नाही, आणि हळूहळू चांगला माल बाजारातून निघून जातो. या सिद्धान्तासाठी त्यांना 2001 मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. स्वयंचलित प्रणालीने या ओढीला वेग दिला आहे. ज्या प्रणालीचा नियम स्थितीकडे न पाहता सर्वांत कमी किमतीचा पाठलाग करतो, ती उत्तम जपलेल्या प्रतीची किंमत पाने सुटलेल्या प्रतीच्या एक रुपया खाली आणून ठेवते. विक्रेत्याला ते कळते तेव्हा पुस्तक विकले गेलेले असते.

म्हणून जाणते विक्रेते नियमात स्थितीचा विचार घालतात, आणि त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग तुलना आपल्याच पायरीपुरती ठेवण्याचा : ‘फार चांगले’ याची तुलना ‘फार चांगले’ याच्याशीच. दुसरा मार्ग पायऱ्यांमध्ये अंतर ठरवण्याचा : समोरची प्रत आपल्यापेक्षा एक पायरी खाली असेल तर तिच्यापेक्षा अमुक टक्के वर, आणि वर असेल तर अमुक टक्के खाली. पहिला मार्ग सोपा असल्यामुळे अधिक वापरला जातो. दुसरा मार्ग अवघड असला तरी तोच खरा आहे, आणि तो या शहराने ऑनलाइन बाजार जन्मण्याच्या फार आधी वापरलेला आहे.

चिंचपोकळीच्या आसपासच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा बाजार काही काळ कुलाब्याला होता आणि पुढे शिवडीजवळ नव्या जागेत गेला. 1925 मध्ये तेथे कापूस बाजाराची इमारत उघडली आणि हार्बर मार्गावरील कॉटन ग्रीन स्थानकाचे नाव त्या बाजाराची आठवण अजून ठेवून आहे. 1921 मध्ये स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनकडे या व्यवहारांचे नियमन होते. कापसाच्या जाती अनेक, प्रत्येकीत पुन्हा धाग्याची लांबी, रंग आणि कचऱ्याचे प्रमाण वेगळे; अशा मालाचे वायदे करायचे तर प्रत्येक गाठीचा स्वतंत्र भाव काढणे शक्य नव्हते. त्यावर तोडगा असा होता की एक पायाभूत प्रत ठरवायची, भाव तिचा बोलायचा, आणि प्रत्यक्ष हवाली केलेला कापूस तिच्यापेक्षा सरस असेल तर भावावर ठरावीक रक्कम चढवायची, हलका असेल तर उतरवायची. या फरकांना बाजारात ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ म्हणत. नमुना हातात घेऊन प्रत ठरवणारे तज्ज्ञ सर्वेक्षक होते, आणि त्यांचा निर्णय मान्य नसेल तर वर दाद मागण्याची सोय होती.

या व्यवस्थेत दोन गोष्टी मोलाच्या होत्या. एक तर प्रत ठरवणारा माणूस विकणाराही नव्हता आणि घेणाराही नव्हता. दुसरे म्हणजे सगळ्या प्रती एका दोरीने एकमेकींना बांधलेल्या होत्या, त्यामुळे न्यूयॉर्क किंवा लिव्हरपूलहून आलेल्या तारेने भाव हलला तर सगळ्या प्रतींचे भाव एकत्र हलत, आणि एखादीच प्रत बाकीच्यांना सोडून भरकटण्याला आळा बसे. आजच्या बहुतेक किंमतबदल प्रणालींत या दोन्ही गोष्टी नाहीत, आणि त्यांची उणीव किती महाग पडू शकते, हे 2011 मध्ये एका पुस्तकाने दाखवून दिले.

पीटर लॉरेन्स या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाचे ‘द मेकिंग ऑफ अ फ्लाय’ हे फळमाशीच्या जडणघडणीवरील पुस्तक 1992 मध्ये निघाले होते आणि नंतर छापले जात नव्हते. एप्रिल 2011 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मायकेल आयझेन या जीवशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतील एक संशोधक ते विकत घ्यायला गेला, तेव्हा अ‍ॅमेझॉनवर त्याच्या 17 प्रती दिसल्या : 15 वापरलेल्या, किमान किंमत 35 डॉलर 54 सेंट; आणि दोन नव्या, त्यांतील स्वस्त प्रतीची किंमत 17,30,045 डॉलर. आयझेन यांनी रोज किमती टिपल्या आणि नियम उलगडला. एक विक्रेता रोज आपली किंमत दुसऱ्याच्या किमतीच्या 0.9983 पट करत होता, म्हणजे किंचित खाली राहत होता. दुसरा आपली किंमत पहिल्याच्या 1.270589 पट करत होता; त्याच्याकडे बहुधा पुस्तक नव्हतेच, मागणी आली तर पहिल्याकडून घेऊन पुढे पाठवायचे आणि आपल्या चांगल्या पतीचा मोबदला वर लावायचा, असा त्याचा हिशेब असावा, असा आयझेन यांचा तर्क होता. या दोन संख्यांचा गुणाकार सुमारे 1.268 येतो. तो एकापेक्षा मोठा असल्यामुळे दोन्ही किमती रोज सुमारे सत्तावीस टक्क्यांनी वाढत गेल्या, दहा दिवसांत जवळजवळ अकरा पट झाल्या, आणि 18 एप्रिलला महाग प्रतीची किंमत 2,36,98,655 डॉलर 93 सेंट झाली. पाठवणीचे 3 डॉलर 99 सेंट वेगळे. त्यानंतर कोणाच्या तरी लक्षात आले आणि किंमत 106 डॉलर 23 सेंटवर उतरली.

ही हकिकत गंमत म्हणून पुष्कळदा सांगितली जाते, पण तिच्यातील एका तपशिलाकडे पुरेसे लक्ष जात नाही. त्याच पानावर, त्याच पुस्तकाच्या 15 वापरलेल्या प्रती 35 डॉलरांपासून उपलब्ध होत्या. दोन्ही विक्रेत्यांच्या नियमांना त्या दिसल्या नाहीत, कारण त्यांची तुलना ‘नव्या’ मालापुरती होती आणि त्या पायरीवर ते दोघेच होते. नव्या प्रतीचा भाव वापरलेल्या प्रतीच्या भावाशी कापसाच्या ‘ऑन’सारख्या एखाद्या ठरावीक फरकाने बांधलेला असता, तर किंमत शंभर-दीडशे डॉलरांच्या पुढे जाताच अडली असती. स्थितीकडे दुर्लक्ष केले तर चांगला माल मातीमोल होतो, आणि स्थितींमध्ये भिंती घातल्या तर किंमत आभाळाला जाते. अनेक मराठी पुस्तकांच्या आवृत्त्या हजाराच्या आसपास प्रतींच्या असतात आणि संपल्यावर बाजारात दोन-चारच विक्रेते उरतात, हे ध्यानात घेतले तर दुर्मीळ मराठी पुस्तकांच्या ऑनलाइन किमती कधीकधी अनाकलनीय का वाटतात, याचे एक कारण येथे सापडू शकते.

उलट दिशेचा अपघात 12 डिसेंबर 2014 रोजी ब्रिटनमध्ये घडला. उत्तर आयर्लंडमधील डेरी येथील रिप्रायसरएक्स्प्रेस या सेवेत संध्याकाळी सात ते आठ या तासभरात बिघाड झाला, आणि तिच्यावर भिस्त ठेवणाऱ्या अनेक छोट्या विक्रेत्यांचा माल अ‍ॅमेझॉनवर एका पेनीला लागला. नाताळच्या खरेदीचा हंगाम होता. घेणारे तुटून पडले. बऱ्याचशा मागण्या रद्द करण्यात आल्या, पण काही माल आधीच रवाना झाला होता, आणि घरातून धंदा करणाऱ्या कुटुंबांना तो तोटा सोसावा लागला. तळाची किंमत बाजारपेठेच्या बाजूलाही स्वतंत्रपणे नोंदवावी, हा धडा तेव्हापासून या क्षेत्रात गिरवला जातो.

अपघातांपेक्षा गंभीर प्रश्न संगनमताचा आहे. ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने ऑगस्ट 2016 मध्ये पोस्टर आणि फ्रेम विकणाऱ्या ट्रॉड या कंपनीला 1,63,371 पौंड दंड केला, कारण तिने आणि जीबी आय या प्रतिस्पर्धी कंपनीने अ‍ॅमेझॉनवर एकमेकांच्या किमतीखाली जायचे नाही असे ठरवून, तो करार किंमतबदल प्रणालींत नियम म्हणून घातला होता. अमेरिकेतही 2015 मध्ये पोस्टरांच्या अशाच व्यवहारात फौजदारी कारवाई झाली. या दोन्ही प्रकरणांत माणसांनी आधी आपसात बोलणे केले होते, त्यामुळे गुन्हा सिद्ध करणे शक्य झाले. परंतु इटलीतील चार अर्थशास्त्रज्ञांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संगणकीय प्रयोगांत असे दिसले की अनुभवातून शिकणाऱ्या दोन प्रणालींना फक्त नफा वाढवण्यास सांगितले, तरी त्या परस्परांशी कोणताही संवाद न करता स्पर्धेतील किमतीपेक्षा चढ्या किमतीवर स्थिरावतात आणि एखादीने किंमत पाडली तर दुसरी तिला काही काळ दंडही करते. येथे दोषी कोणाला धरावे, याचे उत्तर जगातील कोणत्याही कायद्याकडे अजून नीट नाही.

भारतापुरते पाहिले तर काही आडव्या भिंती आधीपासून उभ्या आहेत. पूर्ववेष्टित मालावर कमाल किरकोळ किंमत छापण्याची पद्धत 1990 पासून लागू असून, ‘वैध मापन शास्त्र’ कायद्याखालील 2011 चे नियम त्या किमतीपेक्षा जास्त घेण्यास मनाई करतात. त्यामुळे नव्या बंद मालाची किंमत फळमाशीच्या पुस्तकासारखी चढू शकत नाही. परकीय गुंतवणूक असलेल्या बाजारपेठांनी विक्रेत्यांच्या किमतींवर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष प्रभाव टाकू नये, असे केंद्र सरकारने मार्च 2016 मध्ये स्पष्ट केले. म्हणजे किमतीचा नियम लिहिण्याची जबाबदारी कागदावर तरी विक्रेत्याची आहे. ओला आणि उबर यांच्या भाडे ठरवणाऱ्या प्रणालीमुळे चालकांमध्ये संगनमत होते, अशी तक्रार भारतीय स्पर्धा आयोगाने 2018 मध्ये फेटाळली आणि सर्वोच्च न्यायालयाने 15 डिसेंबर 2020 रोजी तो निष्कर्ष कायम ठेवला, कारण चालकांमध्ये आपसात करार असल्याचे दिसत नव्हते.

वापरलेल्या मालाला मात्र छापील किमतीचे छत व्यवहारात उरत नाही, आणि कापूस बाजारातला तटस्थ सर्वेक्षकही तेथे नाही. त्या ठिकाणी ग्राहकाच्या हाती आहे ते ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 मधील एक कलम : बाजारपेठेवरील विक्रेत्याने मालाचे जे गुणविशेष जाहीर केले असतील, तसा माल निघाला नाही तर तो परत घेण्यास त्याला नकार देता येत नाही. ‘फार चांगले’ म्हणून घेतलेल्या पुस्तकाचा मधला फर्मा निसटलेला निघाला, तर ही तक्रार चालते, मग त्याची किंमत माणसाने ठरवलेली असो वा प्रणालीने. ती टिकण्यासाठी खरेदीच्या वेळी पानावर दिसणारी स्थितीची पायरी, विक्रेत्याने लिहिलेले वर्णन आणि छायाचित्रे जपून ठेवावी लागतात, कारण किंमत ज्या वेगाने बदलते त्याच वेगाने ते वर्णनही बदलता येते.